कालव्याकाठचा खांब

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळींत लहू तायडे दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. पहिली म्हणजे त्याचा हट्ट. एकदा नाही म्हणाला की समोरच्याने कितीही डोकं आपटावं, नाही म्हणजे नाही. दुसरी म्हणजे गाड्या जिथे फिरकत नाहीत अशा रस्त्यांचं वेड. ज्याची बावीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली त्याला असलं वेड लागावं, याची लोकांना गंमत वाटायची. कुणी विचारलंच तर तो सांगायचा, "आठवडाभर गाड्यांचंच तोंड बघतो, रविवारी तरी नको." हे लोकांना पटायचं, पण खरं कारण शैला होती.

शैला त्याची बायको. वाशीमजवळच्या खेड्यात चार बहिणींच्या घरात एकच सायकल होती आणि ती वडिलांची होती, त्यामुळे लग्न होऊन जर्मनीत आली तेव्हा तिला सायकल येत नव्हती. ती शिकली त्रेचाळिसाव्या वर्षी. लहूनेच शिकवली, रविवारी बंद असलेल्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, सीट धरून मागे पळत. तिसऱ्या महिन्यात तिने सायकल रस्त्यावर काढली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका ट्रकचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला. लागलं काही नाही. पण ती फुटपाथवर बसली ती उठेचना. घरी आल्यावर तिने सायकल केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, नेऊन उभी केली आणि कानाला खडा लावला.

लहूने ते फार मनाला लावून घेतलं. रोज जेवण झालं की तो नकाशे उघडून बसायचा. जर्मनीतले सायकलरस्ते छान असतात, पण ते मध्येच कुठेतरी गावातल्या रहदारीला जाऊन मिळतात आणि शैलाला तेवढंही नको होतं. शोधता शोधता तो सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये घुसला. तिथे त्याला घबाड सापडलं. आल्सासच्या खेड्यापाड्यांतून जुने कालवे जातात. पूर्वी बोटी ओढणारे घोडे ज्या काठाने चालायचे, त्या काठावर आता डांबर टाकून सायकलींसाठी वाट केलेली आहे. कुठे बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उचलून वाट केलीय. फ्रेंच लोक तिला 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. चाळीस चाळीस किलोमीटर एकही मोटार आडवी येत नाही. लहूचे वडील मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते. रुळांच्या कडेने रोज दहा-बारा मैल पायी चालून त्यांची हयात गेली. त्यामुळे रूळ काढलेली ती सरळसोट वाट पाहून लहूला आपल्या घरचंच काहीतरी सापडल्यासारखं झालं.

"तिथे गाडी येत नाही," त्याने शैलाला सांगितलं.

"एकपण?"

"एकपण नाही. मी शब्द देतो."

त्या शब्दावर तिने सायकल वर आणली. निघायच्या आदल्या आठवड्यात लहूने तिला नवे डिस्क ब्रेक बसवले. हे तर त्याचं रोजचं काम. एका बोटाने दाबले तरी सायकल जागच्या जागी उभी राहील असे त्याने ते लावून दिले, आणि पार्किंगमध्ये नेऊन तिच्याकडून दहादा दाबून घेतले.

सुगत मेश्राम या सायकलवारीत दुसऱ्या वर्षी आला. तो हायडेलबर्गच्या एका संशोधन संस्थेत काम करायचा. लहूपेक्षा आठ वर्षांनी लहान, लहूला दादा म्हणायचा आणि दादाची टिंगल करण्याची एकही संधी सोडायचा नाही. त्याची बायको कीर्ती औषधांच्या प्रयोगशाळेत होती, मुलगी अन्वी नऊ वर्षांची. कीर्तीला सायकलचं काडीचं प्रेम नव्हतं, म्हणून सुगत एकटाच यायचा. सुगतसारख्या माणसाने शांतपणे सायकल चालवणं अवघडच होतं. तो गाणं म्हणायचा, बगळ्यांना हाका मारायचा, बोटीवरच्या लोकांना हात करायचा. 'व्वा व्हेर्त' हे नाव ऐकल्यावर म्हणाला होता, "बघ, नावातच व्वा आहे. फ्रेंच माणूस स्वतःच्या रस्त्याला स्वतःच दाद देतो." शैला त्याच्यावर धाकट्या दिरासारखी माया करायची. त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात तिखट शेंगदाण्याची चटणी नेहमी असायची.

आता लहूच्या हट्टाकडे येऊ. लहूची मुलगी ईप्सिता बॉबलिंगेनमध्येच वाढली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बापाने मराठीत विचारलं की उत्तर जर्मनमध्ये यायचं. लहूला ते टोचायचं. घरात काही चालेना, म्हणून त्याने सायकलवर कायदा केला. या वाटेवर जर्मन बोलायचं नाही. जो जर्मन शब्द काढेल त्याने शेवटी सगळ्यांच्या सायकली पुसायच्या. ईप्सिता एकदाच आली, तीन सायकली पुसल्या आणि पुढच्या वेळी "नाइन, पापा" असा जर्मनमध्येच नकार देऊन दार लावून घेतलं. तिच्यासाठी केलेला कायदा मग उरलेल्या तिघांवर चालू राहिला.

ओळीने सायकल चालवताना पुढच्याने मागच्यांना ओरडून सांगायचं असतं. खड्डा आला की 'खड्डा', काचा असल्या की 'काच', आडवा रस्ता आला की 'थांबा'. आणि या वाटांवर अजून एक गोष्ट असते. मोटारींनी आत शिरू नये म्हणून वाटेच्या तोंडाशी, बरोब्बर मधोमध, कमरेएवढा एक खांब रोवलेला असतो. लाल-पांढरा, लांबून दिसणारा. पण मागच्याला पुढच्याच्या पाठीमुळे तो दिसत नाही. त्यामुळे पुढच्याने ओरडायचं आणि मागच्यांनी न थांबता बाजूने निघून जायचं. जर्मन लोक त्यासाठी 'पोलर' असं ओरडतात. सुगतलाही तीच सवय होती.

"खांब म्हण," लहू म्हणायचा.

"दादा, खांब तोंडातल्या तोंडात राहतो रे. पोलर कसं खणखणीत ऐकू येतं."

"मग तोंड उघड जरा. एवढा बडबडतोस, तेव्हा बरं उघडतं."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं सुगत मुद्दाम म्हणायचा आणि सायकली पुसायला फडकं मागायचा. शैला हसायची. अशी तीन वर्षं मजेत गेली.

चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात गुरुवारची सुट्टी आली आणि शुक्रवारची रजा टाकून चार दिवस जोडून मिळाले. तिघं रेल्वेने स्ट्रासबुर्गला गेले आणि कालव्याच्या काठाने साव्हेर्नच्या दिशेने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी, तीन वाजायच्या सुमारास, एका लॉकपाशी ते झालं. लॉक म्हणजे कालव्यात बोटी वरखाली करण्याची दारं. त्या जुन्या दारांच्या फटींतून पाणी जोरात खाली पडत होतं आणि त्याचा बराच आवाज होता. लॉकच्या अलीकडे शेतावर जाणारा एक कच्चा रस्ता वाटेला येऊन मिळत होता, म्हणून तिथे खांब होता. तो जिथे असायला हवा तिथेच होता आणि स्वच्छ दिसत होता. लहू पुढे, मग शैला, मग सुगत.

लहू ओरडला, "खांब!" आणि उजवीकडून निघून गेला. मागे ब्रेक लागल्याचा आवाज आला. कुठला ब्रेक किती जोरात लागला हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. हे ब्रेक पूर्ण दाबलेले आहेत एवढं त्याला वळायच्या आधीच कळलं. मग एक बोदा आवाज आला, आणि त्यामागोमाग एक छोटा आवाज.

शैला खांबाच्या जरा अलीकडे, वाटेच्या उजव्या अंगाला सायकलवर तशीच उभी होती, दोन्ही पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक मुठीत आवळलेले. तिला चुकवायला सुगतने डावीकडे सायकल घातली होती आणि पुढचं चाक खांबावर गेलं होतं. तो हँडलवरून उडून लॉकच्या दगडी कडेवर पडला होता. डोक्यावर हेल्मेट होतं आणि ते फुटलंही नव्हतं. मान मात्र जिथे असायला हवी तिथे नव्हती. डोळे उघडे होते. लहूने नाव घेऊन हाक मारली तेव्हा ते हलले, पण बाकी काहीच हललं नाही.

लॉकजवळच्या घरातून एक म्हातारी धावत आली. तिनेच फोन केला, त्याला हात लावू नका म्हणून दरडावलं, घोंगडी आणली. तिला आल्सासकडचं जर्मन येत होतं. हेलिकॉप्टर सुगतला घेऊन गेल्यावर दोन पोलीस राहिले आणि त्यांचे प्रश्न तिने जर्मनमध्ये विचारले. शैला गवतावर बसली होती. तिच्या मुठी अजून तशाच आवळलेल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही थांब म्हणालात ना?"

लहू तिच्यासमोर गवतावर बसला.

"थांब म्हणालात ना तुम्ही? म्हणून मी थांबले. नाहीतर मी कशाला थांबेन?"

तेव्हा त्याला कळलं. पाण्याचा आवाज, मधलं अंतर, आणि एका अक्षराचा फरक. ती मुद्दाम चुकली नव्हती, घाबरलीही नव्हती. नवऱ्याने जे सांगितलं असं तिला ऐकू आलं, ते तिने विचार न करता, मन लावून केलं होतं. तिचं पांढरं पडलेलं तोंड बघून लहूला वाटलं, आता आपण 'खांब' म्हणालो असं सांगितलं तर ही इथून उठणार नाही. ट्रकचा आरसा घासला तेव्हा निदान दुसऱ्याची चूक होती.

"हो," तो म्हणाला. "थांब म्हणालो मी."

म्हातारी विचारत होती, पोलीस म्हणतात, तुम्ही पुढे होतात, तुम्ही ओरडलात का काही? काय ओरडलात?

"हाल्ट," लहू म्हणाला.

म्हातारीने ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि पोलिसाने लिहून घेतलं. जर्मनमध्ये खांबाला पोलर म्हणतात आणि थांबला हाल्ट. त्या दोघांत कुणाची गल्लत होणं शक्य नाही. मराठीतली गंमत तिला समजावून सांगायला गेलं असतं तरी तिला ती कळली नसती, आणि लहूला ती सांगायची नव्हती. कागदावर त्याने सही केली. आयुष्यात कुठल्याही तपासणीच्या कागदावर त्याने आधी कधी खोटं लिहिलेलं नव्हतं.

सुगत अकरा दिवस जगला. मानेखालचं काहीच त्याच्या ताब्यात नव्हतं आणि घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. कीर्ती अन्वीला शेजारच्यांकडे ठेवून पहिल्या संध्याकाळीच हॉस्पिटलात पोहोचली. डॉक्टर तिला एका खोलीत नेऊन बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर ती रडली नाही. लहूला म्हणाली, "दादा, त्याला तहान लागली असेल, पाणी देता येत नाही म्हणतात." अकराव्या दिवशी फुफ्फुसांत संसर्ग झाला आणि सकाळी सातला सगळं संपलं. एक्केचाळीस वर्षांचा बडबड्या माणूस शेवटचे अकरा दिवस एक शब्द न बोलता गेला. यात कुठेही न्याय नाही आणि लहूला तो शोधायचाही नव्हता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बॉबलिंगेनच्या एका सभागृहात झाला. श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरुहकडची सत्तर-ऐंशी माणसं आली. भंते मिळाले नव्हते, म्हणून वयाने मोठा असलेल्या लहूने त्रिसरण आणि पंचशील म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचं असं ठरलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी सुगतचा फोटो होता, दात दाखवून हसणारा. लहू पहिली तीन शीलं नीट बोलला. चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही या शीलाशी, त्याची जीभ अडकली. शब्द लहानपणापासून पाठ होते, पण बाहेर येईनात. सत्तर माणसं वाट बघत राहिली. पहिल्या रांगेत अन्वी मांडीवर हात ठेवून बसली होती, तीही बघत होती. शेवटी मागून कुणीतरी ते म्हटलं आणि सगळे पुढे गेले. नंतर लोकांनी येऊन लहूच्या खांद्यावर हात ठेवला. फार जवळचा होता ना, म्हणाले.

घरी शैला जेवत नव्हती. कामावरून तिने महिन्याची रजा घेतली होती. रोज संध्याकाळी लहू आला की ती एकच विचारायची.

"तुम्ही थांब म्हणालात ना?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. थांबच म्हणालो."

मग ती थोडा चहा प्यायची. बहिणीशी फोनवर बोलताना तिने हेच सांगितलेलं त्याने ऐकलं. "हे थांब म्हणाले म्हणून मी थांबले गं. मी माझ्या मनाने नाही थांबले." त्या एका वाक्याला धरून ती उभी होती हे लहूला दिसत होतं. हळूहळू ती भात खायला लागली. जुलैत कामावर गेली. सायकल तिने कुणाला तरी देऊन टाकली, कुणाला ते सांगितलं नाही. लहूला वाटलं, चला, एवढं तरी वाचलं.

जुलैच्या शेवटी कीर्तीचा फोन आला. फ्रेंच पोलिसांनी सुगतची सायकल परत पाठवली होती आणि ती तिला घरात नको होती. लहू एकटाच हायडेलबर्गला गेला. कीर्ती त्याला केलरमध्ये घेऊन गेली. सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती, पुढचं चाक वाकडं झालेलं. लहूने चाक काढायला पाना घेतला. कीर्ती दाराशी उभी राहिली.

"दादा, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही थांब म्हणालात असं रिपोर्टमध्ये आहे. मी तो जर्मनमध्ये करून घेतला. हाल्ट असं आहे. शैलाताईही सगळ्यांना सांगतात, थांब म्हणाले."

"हो."

"तुमच्या मागे दोघं होते. शैलाताई आणि सुगत."

"हो."

"दोघांना थांबवायचं असलं तर आपण थांबा म्हणतो. थांब नाही म्हणत. मी करून बघितलं. अन्वी आणि तिची मैत्रीण रस्त्याकडे पळत होत्या. मी मागून ओरडले, तर तोंडातून थांबाच आलं. विचार करावा लागत नाही त्याला."

लहूने नट सोडवला. तो हातातून निसटून घरंगळत कपाटाखाली गेला आणि त्याने तो शोधला नाही.

"हे बघा, दादा, मी वकील नाहीये. मला कुणावर केस करायची नाहीये." तिचा आवाज सरळ होता, प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवावेत तसा. "तिथे खांब होता. खांब म्हणजे थांबायचं नसतं, हे मला सुगतनेच सांगितलं होतं. मग तुम्ही एकट्या माणसाला म्हणावं तसं थांब का म्हणाल? तुम्ही थांब म्हणालाच नाहीत ना?"

ही बाई बरोब्बर तिथे येऊन उभी राहिली होती, आणि तिथे यायचा तिच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

"शैलाताईंना मी एक शब्द बोलणार नाही," कीर्ती म्हणाली. "त्यांच्या कानाचा काय दोष. पण माझा नवरा कशाने गेला ते मला खरं माहीत असावं. अकरा दिवस मी त्याच्याजवळ बसले आणि तो काही सांगू शकला नाही. आता सांगणारे तुम्हीच उरलात."

सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण कीर्तीला कळलं म्हणजे ते कधीतरी शैलाला कळणार. कीर्ती सांगणार नाही, पण कुणाच्या तरी लग्नात, वाढदिवसाला, ती शैलाकडे बघेल आणि शैलाला त्या बघण्यातून कळेल. बायका अशा गोष्टी बघण्यातून ओळखतात असा लहूचा समज होता. तो बरोबर होता की चूक, कोण जाणे. त्या तळघरात तो त्याला बरोबर वाटला.

"घाईत निघालं असेल थांब," तो म्हणाला.

"असेल?"

"निघालं. थांब म्हणालो मी, कीर्ती."

"ठीक आहे," ती म्हणाली. "सायकल घेऊन जा तुम्ही." तिने चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून चहा न घेता तो पहिल्यांदाच निघाला. त्यानंतर कीर्तीने त्याचा फोन उचलला नाही. ऑक्टोबरच्या धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला तो दिसल्यावर ती अन्वीचा हात धरून दुसऱ्या बाजूच्या रांगेत जाऊन बसली. आपण खोटारडे आहोत हे तिला नक्की माहीत आहे हे लहूला कळत होतं, आणि तिचं चुकत नव्हतं.

मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. कामावर तपासणीच्या हॉलमध्ये, कानांवर आवाज रोखणारे हेडफोन चढवलेले असताना, लहू तोंडातल्या तोंडात दोन्ही शब्द म्हणून बघायचा. खांब. थांब. तो दिवस डोळ्यांसमोर आणायचा. लाल-पांढरा खांब दिसतोय, आपण तोंड उघडतोय, आणि तिथे आवाजच नाही. पोलिसाला, विम्याच्या माणसाला, कीर्तीला, शैलाला रोज संध्याकाळी, किमान शंभरदा तो थांब म्हणाला होता, आणि खांब फक्त एकदा. त्या एकदाचं आता त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. कधी कधी त्याला वाटायचं, खरंच थांब म्हणालो असलो तर? त्या विचाराने त्याला बरं वाटायला हवं होतं, पण तो आणखीच घाबरायचा.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी शैला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मेथी निवडत होती. ईप्सिता मैत्रिणीकडे गेली होती. लहू समोर बसून काड्या वेगळ्या करत होता. गेल्या दोन महिन्यांत शैला तो प्रश्न विचारायची बंद झाली होती. तिचं वजन भरलं होतं, कामावर जात होती, ओळखीच्या देशमुखांच्या घरी हळदीकुंकवाला नको पण गप्पांना म्हणून एकदा जाऊनही आली होती. लहूने मनाशी धरलं होतं की सगळ्यांत वाईट ते होऊन गेलं.

"एक बोलू?" ती म्हणाली. मान वर केली नाही.

"बोल की."

"इतके दिवस मला बोलायची ताकद नव्हती. मी स्वतःलाच सांभाळत होते. आता बोलते." तिने एक पान खुडून ताटात टाकलं. "तुम्ही थांब का म्हणालात?"

लहूने हातातली काडी खाली ठेवली.

"मी किती वेळा तो रस्ता डोळ्यांपुढे आणला. तिथे काही नव्हतं हो. बोट नव्हती, माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. खांब होता, पण खांबाला आपण कधी थांबलो नाही. तुम्हीच शिकवलंत मला, खांबाला थांबायचं नाही. मग थांब का म्हणालात?"

उत्तर लहूच्या जिभेवर होतं. एक अक्षर बदललं की झालं, सहा महिन्यांचं ओझं उतरणार होतं. समोर शैला बसली होती, मेथीच्या मातीने बोटं काळी झालेली, सहा महिन्यांनी पहिल्यांदा रंग आलेला चेहरा. ही बोटं त्या दिवशी ब्रेकवरून सोडवायला म्हातारीला एकेक उघडावी लागली होती. ते उत्तर दिलं तर ती पुन्हा तशीच आवळली जाणार होती, आणि या वेळी उघडणार नव्हती.

"मला वाटलं, शेतातल्या रस्त्यावरून ट्रॅक्टर येतोय," तो म्हणाला.

"आला होता?"

"नाही."

"म्हणजे काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं."

"मग उगाच गेला तो."

"हो," लहू म्हणाला. "उगाच गेला."

शैलाने ताट बाजूला सरकवलं. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, चांगला धडधाकट राग, जो धडधाकट माणसालाच परवडतो.

"मी तुमच्या शब्दावर सायकलवर बसले," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर थांबले. पुढे काय आहे ते मी कधी बघितलंच नाही, तुम्ही बघताय म्हणून. आणि त्या शब्दापायी माझ्या मागे सुगत मेला. अन्वीचं तोंड बघवत नाही मला. मी खूप प्रयत्न केला, पण मला नाही जमणार तुम्हाला माफ करायला. आत्ता नाही. कधी जमेल असंही वाटत नाही."

"बरोबर आहे तुझं," लहू म्हणाला.

"एवढंच?"

"चुकलं माझं, शैला."

ती उठली, नळाखाली हात धुतले, पंच्याला पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. लहूने उरलेली मेथी निवडायला घेतली. तिने आपल्याला दोषी धरावं यासाठीच तो सहा महिने झटला होता आणि आज तिने धरलं. आता ती जगेल. हे त्याला पक्कं कळत होतं, आणि तरी त्याला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. त्याने पानं एका बाजूला आणि काड्या दुसऱ्या बाजूला केल्या, जुडी संपली, आणि दार काही उघडलं नाही.